मुलांची उंची आणि आईचे ताट

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की आम्ही मुलांची उंची आणि वजन मोजून नोंदवहीत लिहितो. भिंतीवर आखलेल्या पट्टीला पाठ लावून मुले एकामागून एक उभी राहतात. एकाच वर्गातली, एकाच मोहल्ल्यातली, एकाच टाकीचे पाणी पिणारी ही मुले; पण एकाचे डोके दुसऱ्याच्या खांद्याला लागते. पालकसभेत हा विषय निघाला की बहुतेक आयांचे उत्तर ठरलेले असते : "मॅडम, हमारे खानदान में सब ऐसेच हैं. इसके अब्बा भी ठिंगनेच हैं." एखादी आई मात्र मान खाली घालून गप्प बसते. मूल अशक्त निघाले ते तुझ्यामुळे, हे तिने घरी अनेकदा ऐकलेले असते.

या दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि बरेच अपुरे आहे. मुलाला उंचीचा वारसा आई आणि वडील दोघांकडून मिळतो, हे खरे. पण जन्माला येताना बाळ किती भरलेले असेल आणि पहिल्या दोन वर्षांत ते कसे वाढेल, यात आईच्या शरीराचा वाटा फार मोठा असतो. मात्र ते शरीर कसे घडले, त्याला लहानपणी काय खायला मिळाले, त्याच्यावर बाळंतपण कोणत्या वयात आले, हे त्या आईच्या एकटीच्या हातात कधीच नव्हते. ते आपल्या सगळ्यांच्या हातात होते. या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे.

एका पालकसभेत आम्ही विचारले, "आपल्या मुलाचे जन्माच्या वेळचे वजन किती होते, कोणाला आठवते?" जमलेल्या बायांपैकी चार-पाच जणींनीच हात वर केला. मग विचारले, "अकीक्याला बाळाच्या केसांच्या वजनाइतकी चांदी सदका दिली, ती किती होती?" तेव्हा मात्र बऱ्याच जणींना आठवले. केसांचे वजन आपण जपून करतो, ही चांगलीच गोष्ट आहे. तेवढ्याच काळजीने बाळाचे वजनही लक्षात ठेवायला हवे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर ते लिहिलेले असते. अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्या बाळाला कमी वजनाचे बाळ म्हणतात आणि त्याला जास्त जपावे लागते.

घोडी, शिंगरू आणि दोन बहिणी

बाळाचा आकार आई ठरवते की बाप, याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयोग आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे वॉल्टन आणि हॅमंड या दोन शास्त्रज्ञांनी तो 1938 साली प्रसिद्ध केला. शायर ही ओझी ओढणाऱ्या घोड्यांची अवाढव्य जात आणि शेटलंड ही अगदी बुटक्या तट्टांची जात. या दोन जातींचा त्यांनी कृत्रिम रेतनाने संकर केला. काही शिंगरांची आई शायर आणि बाप शेटलंड होता, तर काहींची आई शेटलंड आणि बाप शायर. दोन्हीकडे वारसा सारखाच, अर्धा मोठ्या जातीचा आणि अर्धा लहान जातीचा. तरीही मोठ्या घोडीच्या पोटी जन्मलेली शिंगरे बुटक्या घोडीच्या शिंगरांपेक्षा वजनाने सुमारे तिप्पट भरली. बुटक्या आईने पोटातले पिल्लू आपल्या शरीराला झेपेल एवढेच वाढू दिले होते. पुढे वाढून मोठी झाल्यावरही या दोन गटांतला फरक पुरता मिटला नाही.

माणसातही असेच काहीसे दिसते. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये भावंडांच्या जन्मवजनांची तुलना झाली. सख्ख्या बहिणींच्या मुलांची, म्हणजे खालाजाद भावंडांची जन्मवजने एकमेकांशी काही प्रमाणात जुळली. सख्ख्या भावांच्या मुलांची, म्हणजे चाचाजाद भावंडांची जवळजवळ जुळलीच नाहीत. बापाकडून आलेला उंचीचा वारसा जन्मानंतर हळूहळू दिसू लागतो. पोटातल्या नऊ महिन्यांवर आईच्या शरीराचा ताबा अधिक असतो.

याचे कारण समजायला अवघड नाही. बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. वार आईच्या रक्तावर चालते. आईचे रक्त पातळ असेल, म्हणजे तिला पंडुरोग असेल, तर बाळाला प्राणवायू कमी पोचतो. आईच्या अंगावर साठाच नसेल तर बाळासाठी काढायचे कोठून? शिवाय आईची उंची आणि गर्भाशयाची जागा यांनाही मर्यादा असते. ही उंची तिला स्वतःच्या लहानपणी मिळालेली असते. आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच तिच्या शरीरातील बीजे तयार होतात. म्हणजे आज जन्मलेले बाळ ज्या बीजातून आले, ते बीज त्याच्या नानीच्या पोटात घडले होते. नानीने काय खाल्ले, हा प्रश्न म्हणूनच आजच्या बाळापर्यंत येतो.

पुण्याजवळची सहा गावे

आपल्या महाराष्ट्रातच या विषयावर मोठे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या. पुढे त्यांची गर्भारपणे, बाळंतपणे आणि मुले यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या स्त्रिया सरासरी 152 सेंटिमीटर उंच आणि गर्भारपणाआधी 42 किलोच्या आसपास वजनाच्या होत्या. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजी खाणाऱ्या, अगदी आपल्या परभणी, जिंतूर, पाथरीकडच्या बायांसारख्या. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन होते 2.7 किलो. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरात त्याच पद्धतीने मोजलेली बाळे सरासरी 3.5 किलोची होती.

एवढे असते तर लहान आयांची लहान बाळे म्हणून विषय संपला असता. पण संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. आपली ही बाळे दिसायला बारीक होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. बारीक असूनही आतून चरबी जपणारे असे हे शरीर पुढे मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार यांना लवकर बळी पडू शकते. आपल्या घरांत चाळिशीच्या आतच शुगर निघालेली माणसे कमी नाहीत. त्याचे एक मूळ असे पोटातल्या दिवसांपर्यंत जाते.

याच गावांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध होता. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे तुलनेने मोठी होती. आणि गर्भारपणात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळे तुलनेने लहान होती. सातव्या महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या सुनेला "आमच्या वेळी आम्ही सगळं करत होतो" असे सांगणाऱ्या सासूबाईंनी हे अवश्य ऐकावे. त्या वेळीही त्याची किंमत कोणीतरी मोजतच होते.

परभणीचा आकडा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न असा होता की, आज 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले? संपूर्ण महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात जवळपास 22 आहे. परभणी जिल्ह्यात ते 48 आहे. म्हणजे जवळपास दर दुसरी मुलगी. हा आकडा कोणत्या एका समाजाचा नाही, सगळ्या जिल्ह्याचा आहे. पण आपल्या मोहल्ल्यांत काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हा आकडा दुसऱ्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

लहान वयातले लग्न आणि मुलांची उंची यांचा संबंध सरळ आहे. मुलीची उंची साधारणपणे पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांत पूर्ण होते, पण कमरेचे हाड, जेथून बाळ बाहेर यायचे असते, ते त्यानंतरही काही वर्षे वाढत राहते. सोळाव्या-सतराव्या वर्षी गर्भ राहिला तर एकाच ताटात दोन वाढणारी शरीरे जेवायला बसतात. मुलीचे शरीर आपली वाढ पुरी करू पाहते आणि बाळही आपला वाटा मागते. अन्न भरपूर असले तरी ही ओढाताण होते आणि आपल्याकडे ते भरपूर नसते. भारतातील साठ हजार माता आणि त्यांच्या मुलांच्या नोंदी तपासून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आयांचे वय बाळंतपणी वीसच्या आत होते, त्या मुलांत वयाच्या मानाने खुजेपणाचे प्रमाण प्रौढ मातांच्या मुलांपेक्षा शंभरामागे 11 ने जास्त आढळले.

आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. गणितात हुशार, हातात सतत खडू. नववीची परीक्षा झाली आणि मेमध्ये तिचे लग्न ठरले. निमंत्रण आले, आम्ही शिक्षक मंडळी गेलो, बिर्याणी खाल्ली, मुबारकबाद देऊन परत आलो. घरची परिस्थिती आम्हाला माहीत होती. तीन बहिणी, वडील हमालीला, चांगले स्थळ चालून आलेले. आमच्यापैकी एकानेही तिच्या वडिलांना बाजूला घेऊन काही सांगितले नाही. दीड वर्षाने ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. कडेवर बाळ होते. चार महिन्यांचे आहे म्हणाली. आम्हाला ते महिन्याचे वाटले. जन्मताना किती होते असे विचारले तर म्हणाली, "दो किलो से भी कम, मॅडम. काच की पेटी में रखे थे." ती स्वतः नववीत होती त्यापेक्षाही वाळलेली दिसत होती. आम्ही दाखला लिहून दिला. त्यावर जन्मतारीख लिहिताना कळले की तिला अजून अठरावे संपायचे आहे.

अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कोणीही कळवू शकते. पण आम्ही हे कायद्याच्या भीतीने लिहीत नाही. सूरह निसामध्ये यतीम मुलांची मालमत्ता त्यांच्या हवाली करण्याआधी त्यांच्यात समज आली आहे की नाही ते पारखून घ्या, अशी शिकवण आहे. चार पैसे हवाली करायला जर समज पारखायची, तर एका मुलीच्या हवाली नवे आयुष्य करताना आपण काहीच का पारखत नाही? निदान तिची उंची, तिचे वजन आणि तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन एवढे तरी पाहावे.

बोटी कोणाला, शोरबा कोणाला

आपण मांसाहारी आहोत, त्यामुळे आपल्याकडे कुपोषण नाही, असा एक गैरसमज आपल्या घरांत आहे. मांस, अंडी, मासे आणि दूध यांतून बी-12 हे जीवनसत्त्व मिळते, हे खरे. पुण्याच्या त्या गावांत जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होते. पण हंडीत मांस शिजले म्हणजे ते घरातल्या प्रत्येकाच्या ताटात गेले, असे होत नाही. दस्तरखानावर आधी पुरुष आणि पाहुणे बसतात, मग मुलगे. शेवटी सून आणि मुली बसतात तेव्हा हंडीत शोरबा आणि एखादे हाड उरलेले असते. शोरब्यात भाकरी चुरून पोट भरते, रक्त भरत नाही. कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. बायका स्वतःच "मला नको, तुम्ही घ्या" म्हणतात. पण हे रोजचे "नको" वर्षानुवर्षे साचते. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींना पंडुरोग आहे आणि पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी 35 मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. हे दोन आकडे वेगवेगळे नाहीत.

शाळेत सहावीपासून पुढच्या मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. अनेक मुली ती ओढणीच्या टोकाला बांधून नेतात आणि वाटेत फेकतात. कोणीतरी सांगितलेले असते की त्याने मळमळते, काळी शौच होते, किंवा ही गोळी मुले न होण्याची आहे. यातली शेवटची अफवा साफ खोटी आहे. उलट हीच गोळी उद्या तिच्या बाळाला बळ देणार आहे. मळमळ टाळायची तर जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आणि गोळी घेतल्यावर तासभर चहा पिऊ नये. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. आपल्याकडे चहा-खारी हाच सकाळचा नाश्ता असतो, हीच खरी अडचण आहे. लिंबू, आवळा आणि पेरू यांनी मात्र लोह चांगले अंगी लागते.

आपल्याच जिल्ह्यातली एक चांगली बातमी येथे सांगायला हवी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर 'परभणी शक्ती' नावाचे ज्वारीचे वाण तयार केले आणि ते 2018 साली लागवडीसाठी आले. साधारण ज्वारीत किलोमागे सुमारे 30 मिलिग्रॅम लोह असते. या वाणात ते 40 च्या वर आहे. जस्तही 20 च्या जागी 30 च्या वर आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी निदान घरच्या भाकरीपुरते हे वाण पेरून पाहावे. एका भाकरीने पंडुरोग जाणार नाही, पण जी भाकरी रोज खायचीच आहे ती थोडी अधिक ताकदीची असेल तर वाईट काय?

तयारी गर्भाआधीपासून

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात 'सरस' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. गर्भ राहण्याआधीपासूनच स्त्रियांना रोज एक नाश्त्याचा पदार्थ दिला जायचा. एका गटाच्या पदार्थात पालेभाज्या, फळे आणि दूध होते. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा अशा कमी पोषक गोष्टी होत्या. सगळ्या स्त्रिया धरल्या तर जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने तो पौष्टिक नाश्ता खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. त्यातही ज्या स्त्रिया मुळात फार कृश होत्या, त्यांच्या बाळांना हा लाभ दिसला नाही.

आम्हाला या निकालातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सून गरोदर राहिली की आपण बदाम आणतो, खजूर आणतो, दूध वाढवतो. हे करावेच. पण तोवर उशीर झालेला असतो. ज्या मुलीचे अंग आठवी-नववीतच भरायला हवे होते, तिला चौथ्या महिन्यात दोन खजूर देऊन ते भरून येत नाही. मुलाच्या उंचीची तयारी त्याच्या आईच्या शाळेच्या डब्यापासून सुरू होते.

याच प्रयोगात पौष्टिक नाश्ता खाणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही बरेच कमी आढळले. हे सांगण्याचे कारण असे की बाळ मोठे म्हणजे चांगलेच, असेही नाही. आईला शुगर असेल तर बाळ चार किलोच्या पुढे जाऊ शकते, त्याचे बाळंतपण अवघड होते आणि पुढे त्या मुलालाही मधुमेहाचा धोका असतो. म्हणून गर्भारपणात शुगरची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या-सातव्या महिन्यात करून घ्यावी. काही घरांत उलट समजूत असते : कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल. ही समजूत बाळाच्या जिवाशी खेळ आहे.

रमजान आणि गर्भवती

आपल्या वाचक भगिनींचा एक प्रश्न नेहमीचा असतो : गर्भार असताना रोजे ठेवावेत का? यावर जगभर अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात तेरा हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रमजानमुळे सरासरी जन्मवजन घटलेले आढळले नाही. इंडोनेशियात मोठ्या वयाच्या मुसलमानांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा मात्र, जे रमजानच्या काळात आईच्या पोटात होते ते थोडे अधिक बारीक होते, आणि ज्यांचा गर्भ रमजानमध्ये राहिला होता ते सरासरी सुमारे 0.8 सेंटिमीटरने ठेंगणे होते. म्हणजे घाबरून जावे असे काही नाही, पण निश्चिंत राहावे असेही नाही.

आणि मुळात या प्रश्नात आपल्या दीनने आईला एकटे सोडलेलेच नाही. पवित्र कुरआनने आजारी आणि प्रवासी यांना सूट दिली आहे. तिर्मिझी, अबू दाऊद आणि नसई यांच्या हदीस संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गर्भवती आणि दूध पाजणाऱ्या मातेसाठीही रोजाची सूट सांगितल्याचे आले आहे. स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर ती रोजा सोडू शकते. हनफी मसलकानुसार नंतर कझा करायची. बारकावे आपल्या आलिमांना आणि प्रकृतीचे डॉक्टरांना विचारावेत. पण अल्लाहने दिलेली सवलत घरातल्यांनी हिरावून घेऊ नये. "फलाण्याची बहू सात महिन्यांची असून सगळे रोजे ठेवते" असे टोमणे ऐकून एखादी मुलगी चक्कर येत असताना रोजा ओढत असेल, तर त्याचा जाब कोण देणार? जिला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तिच्या सहरीत नुसता चहा-पाव न देता भाकरी, डाळ, अंडे, दूध असावे. आणि इफ्तारची भजी तळायला चुलीपुढे तिलाच उभी करू नये.

दोन वर्षांचे दूध

बाळ जन्मले म्हणजे आईचा वाटा संपत नाही. पोटात मागे राहिलेली बरीच बाळे पहिल्या दोन वर्षांत आपली वाट पकडतात. वडिलांकडच्या उंचीचा वारसाही याच काळात दिसू लागतो. पण त्यासाठी दूध हवे. पहिले पिवळसर घट्ट दूध फेकू नये. ती बाळाची पहिली लस समजावी. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. पाणी, घुट्टी, मध काहीही नको. सहा महिन्यांनंतर दूध सुरू ठेवून मऊ खिचडी, डाळ, अंडे, केळी द्यावी. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. त्याच आयतमध्ये त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बाळाच्या वडिलांवर टाकली आहे. आयतचा पहिला भाग आपण सुनांना सांगतो. दुसरा भाग मुलांना सांगायला विसरतो.

दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे, हेही यातूनच येते. एक बाळ अंगावर पीत असताना दुसरे पोटात आले, तर आईचा रिकामा झालेला साठा भरायला वेळच मिळत नाही. दुसरे बाळ पहिल्यापेक्षा अशक्त का, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते.

घराने काय करावे

फार खर्चाच्या गोष्टी आम्ही सांगत नाही. गर्भार स्त्रीला रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, एक वाटी घट्ट डाळ आणि पेलाभर दूध. त्यात मेथी, पालक, चुका, करडई, शेवगा यांपैकी एखादी भाजी रोज, शेंगदाणे-गुळाचा एक लाडू आणि हंगामातले एक फळ. मटण आठवड्यातून एकदाच होत असेल तर त्या दिवशी तिचा वाटा आधी काढून ठेवावा. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्याव्यात. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार तिचाच आहे, तो घरातल्या सगळ्यांत वाटू नये. पहिल्या बाळाच्या वेळी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून मिळणारे 5000 रुपये तिच्या आहारावर खर्च व्हावेत, मोबाइलच्या हप्त्यावर नव्हे. महिन्यातून एकदा तिचे वजन करावे. बाळंतपणापर्यंत ते दहा-बारा किलोने वाढायला हवे.

आणि जी मुलगी आज सातवीत आहे तिच्या ताटात भावाइतकीच बोटी वाढावी. आठवड्यातून दोन-तीन अंडी, महिन्यातून एक-दोनदा कलेजी द्यावी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. आणि तिला तिची वाढ पूर्ण करू द्यावी.

सूरह मरियममध्ये एक प्रसंग आहे. हजरत मरियम (अलै.) प्रसूतीच्या वेदनांत एकट्या, खजुराच्या झाडाला टेकून होत्या, तेव्हा त्यांच्यापायी पाण्याचा झरा वाहिला आणि ताजे खजूर गळले. खा, पी आणि मन शांत कर, असे त्यांना सांगण्यात आले. ज्यांच्याजवळ कोणी नव्हते त्यांच्या अन्नपाण्याची सोय स्वतः अल्लाहने केली. आपल्या घरातल्या सुनेजवळ तर आपण सगळे आहोत.

दाखला न्यायला आलेली ती मुलगी जाताना म्हणाली, तिची धाकटी बहीण आता आठवीत आमच्याच शाळेत आहे. या जूनमध्ये आम्ही त्या बहिणीची उंची आणि वजन नोंदवले आणि संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडिलांना नोंदवही दाखवली. एका ओळीत तिच्या बहिणीचे आठवीतले वजन, खालच्या ओळीत हिचे; हिचे त्याहूनही कमी. ते बराच वेळ दोन्ही आकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इसको दसवीं तो करने दूँगा, मॅडम." आम्ही म्हटले, "दसवीं नाही भाईजान, बारावी." चहा आला. आम्ही त्या मुलीला तिचा कप खाली ठेवायला सांगितला आणि सोबत नेलेली अंड्यांची पिशवी तिच्या अम्मीच्या हातात दिली.